उकिडव्यांचे पाचवे अध्यक्ष

श्री. शरद वामन उकिडवे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे गृहस्थ पायजम्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पांढऱ्या मोज्यांत खोचून अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या रस्त्यांवर दिवसाढवळ्या फिरतात. ही वस्तुस्थिती मी सर्वप्रथम नमूद करतो, कारण ती नाकारणे खुद्द त्यांनाही शक्य नाही. मोजे त्यांच्या नातीचे, फुटबॉल खेळण्याचे आहेत. नातीने रीतसर हरकत घेतली होती. "आजोबा, दोज आर माइन," असे ती माझ्यादेखत म्हणाली. उकिडव्यांनी एक मोजा वर ओढत तिला उत्तर दिले, "पाचव्यांचा पोशाख असाच होता."

पाचवे म्हणजे अमेरिकेचे पाचवे अध्यक्ष. ते लोक तेव्हा गुडघ्यापर्यंतची विजार आणि त्याखाली लांब मोजे घालीत. पुढे पूर्ण लांबीच्या विजारी आल्या, सगळ्यांनी त्या शिवून घेतल्या, परंतु पाचव्यांनी तरुणपणचा पोशाख अध्यक्ष झाल्यावरही सोडला नाही. त्या पोशाखातले ते शेवटचे अध्यक्ष. उकिडव्यांच्या हिशेबाने त्या पोशाखातले शेवटचे गृहस्थ मात्र अजून हयात असून ते माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात.

या पाचव्यांचे नाव उकिडवे घेत नाहीत. पूर्वी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, त्याच निष्ठेने घेत नाहीत. "आमचे पाचवे" एवढेच म्हणतात. आमच्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायकांनी त्यांना गाठून, "काका, उखाण्यात तरी घ्या," असा आग्रह धरला. उकिडव्यांनी तिळगूळ घेतला, नाव घेतले नाही. त्या नावाचा एक महामार्गच आमच्या काउंटीतून जातो. मुलीच्या गाडीत बसले असता जीपीएसची बाई त्या वळणाजवळ येऊन नाव उच्चारण्याच्या बेतात आली, की उकिडवे पुढे वाकून तिचा आवाज बंद करतात आणि बरेच पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करतात. या कारणास्तव त्यांची मुलगी मुग्धा दोनदा मेरिलँडच्या हद्दीपर्यंत जाऊन परत आलेली आहे. ज्या वाचकांना नाव हवे असेल त्यांनी ते ग्रंथालयात पाहून घ्यावे. या लेखात ते मिळणार नाही.

मी स्वतः सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे वकिली केली. निवृत्तीनंतर मुलाकडे राहावयास आलो. इथला नागरिक झालो. परंतु लिहिता हात थांबू दिला नाही. आमच्या टाउनहाउसांची जी समिती आहे तिला मी वेळोवेळी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती तीन फायलींत लावलेल्या आहेत. चौथी फाइल केवळ उकिडव्यांची आहे.

ती फाइल कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरू होते. ही कुंडी हिवाळाभर त्यांच्या दिवाणखान्यात असते आणि मे महिन्यात मागच्या लाकडी डेकवर येते, ती चार बोटे माझ्या मुलाच्या हद्दीत येते. मी फूटपट्टीने मोजलेले आहे. मी रजिस्टर पत्राने त्यांना सूचना दिली. दाराची घंटा वाजवून पत्र हातात देता आले असते, असे माझी सून म्हणते. तिला पोचपावतीचे महत्त्व कळत नाही. पत्र कुठल्याशा दूरच्या केंद्रात जाऊन चार दिवसांनी माझ्या दारापासून बारा पावलांवरील दारात पोहोचले, उकिडव्यांनी सही करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीत त्यांचे उत्तर पडले. अक्षर शिक्षकाचे, साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला. मजकूर असा:

"महोदय, आमच्या पाचव्यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात धोरण स्पष्ट केले आहे. ज्या वसाहती आधीपासून आहेत, त्यांना आम्ही हात लावणार नाही. यापुढे मात्र या गोलार्धात कोणी नवी वसाहत करू नये. कुंडी ही जुनी वसाहत आहे. नवी कुंडी मी ठेवणार नाही. कळावे."

एकतीस वर्षांच्या वकिलीत इतकी निर्लज्ज आणि इतकी सुसूत्र कैफियत माझ्या वाचनात आली नव्हती. मी तीन दिवस उत्तर शोधले. कुंडी तिथेच आहे.

हे धोरण केवळ माझ्यापुरते नव्हते. एकदा मुग्धा आमच्याकडे वाटी परत द्यायला आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, बाबांनी फ्रीजचे दोन गोलार्ध केलेत. वरचे शेल्फ माझे, खालचे त्यांचे. माझा हमसचा डबा चुकून खाली गेला तर नोट येते."

"लेखी?"

"लेखी. फ्रीजच्या दारावर. 'जुन्या जगाने नव्या जगाच्या कारभारात हस्तक्षेप करू नये.' मी विचारलं, बाबा, आपल्यात जुनं जग कोण? तर म्हणाले, ज्याचा डबा जास्त दिवसांचा तो."

यावर हसण्यासारखे काय होते ते मला कळले नाही; माझी सून मात्र ओट्याला टेकून हसत होती.

पुढे कुत्र्याचे प्रकरण झाले. आमच्या ओळीच्या टोकाला एक मोठे, पिवळट रंगाचे कुत्रे आहे. ते सकाळी टपालाची गाडी आल्यापासून जाईपर्यंत भुंकते. मी समितीला अर्ज लिहिला, पोटनियमाचे कलम दाखवले, अकरा घरांच्या सह्या घेतल्या आणि बाराव्या घरी गेलो. उकिडव्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितले.

"कुत्र्याविरुद्ध मी सही करणार नाही."

"का? तुम्हाला आवाज येत नाही?"

"येतो. पण कुत्री भुंकली नसती तर पाचवे वाचले नसते."

मग मला ती हकिकत ऐकावी लागली. पाचवे अठरा वर्षांचे असताना, कॉलेज अर्धवट सोडून सैन्यात गेले होते. कडाक्याच्या थंडीत नदी ओलांडून त्यांची तुकडी एका वाटेवर पहारा देत होती. तिथल्या घराची कुत्री भुंकू लागली, म्हणून घरमालक चिडून बाहेर आला. शिव्याही दिल्या त्याने. नंतर त्याला कळले की ही आपलीच माणसे आहेत. तो डॉक्टर होता, तो त्यांच्याबरोबर निघाला. लढाईत पाचव्यांच्या खांद्यात गोळी घुसली, मोठी रक्तवाहिनी तुटली, आणि त्याच डॉक्टरने ती जागीच दाबून धरली.

"तो माणूस तुमच्यासारखाच होता," उकिडवे म्हणाले. "कुत्र्यांवरून तक्रार करायला बाहेर आला आणि एका अध्यक्षाचा जीव वाचवून गेला. तुम्ही अर्ज करत बसता."

मी अर्ज अकरा सह्यांनिशी पाठवला. समितीने बारा घरांपैकी एकाची हरकत असल्याचे कारण देऊन तो निकाली काढला.

परंतु माझा खरा अपमान झाला तो ज्येष्ठ मंडळाच्या निवडणुकीत. दर मंगळवारी ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही ज्येष्ठ लोक जमतो. चिटणीसपदासाठी माझा एकट्याचाच अर्ज होता. तरीही मी नियमानुसार गुप्त मतदान घ्यावयास लावले. सर्व मते मला पडली. एक विरोधात पडले. विरोधातल्या चिठ्ठीवरचे अक्षर भूगोल शिकवणाऱ्याचे होते. मी तिथेच त्यांना जाब विचारला. त्यांनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"पाचवे दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा त्यांनाही सगळी मते पडली होती. एक सोडून. आज तुम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवलं मी."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात टाळ्यांचा उल्लेख मी केला नाही.

आता उकिडव्यांच्या पत्नीविषयी. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. माझी त्यांची ओळख डेकवरून नमस्कार करण्यापुरती होती. उकिडवे त्यांचेही नाव घेत नसत. "मुग्धाची आई" म्हणत. एक गोष्ट मात्र मला माहीत होती. निवडणूक आली की हे नवराबायको मुग्धाबरोबर मतदानकेंद्रावर जात. तिथल्या शाळेच्या आवारात, दोरीच्या बाहेर उभे राहत. मुग्धा मत देऊन आली की तिच्या कोटावरचा मतदान केल्याचा स्टिकर बाई हळूच सोडवून घेत आणि घरी आल्यावर मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवीत. ते झाकण मी पाहिलेले आहे. स्टेनलेस स्टील जवळजवळ दिसत नाही इतके स्टिकर आहेत. "एक माझा स्वतःचा लावायचाय," असे त्या माझ्या सुनेला म्हणाल्या होत्या. सोळा वर्षे इथे काढल्यावर दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज भरला तो त्या स्टिकरसाठी. मुलाखतीची तारीख येण्यापूर्वीच बाई गेल्या.

गेल्या फेब्रुवारीत मुग्धा पुन्हा आमच्याकडे आली. वाटी नव्हती. खुर्चीवर बसली.

"काका, बाबा फेल झाले."

"कशात?"

"सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत. सिव्हिक्सचे प्रश्न असतात ना, दहा विचारतात, सहा यावे लागतात. ऑफिसर म्हणाली, अर्ध्या प्रश्नांना ते नुसतं 'नेक्स्ट' म्हणाले. त्यांचं इंग्लिश चांगलंय, काका. फ्रीझ झाले असतील. आता एकच चान्स आहे. तोही गेला तर सगळं पहिल्यापासून, आणि ते परत फॉर्म भरणार नाहीत, मी ओळखते त्यांना. झाकणावर एका स्टिकरपुरती जागा सोडलीय त्यांनी. पुसून ठेवतात रोज."

मी त्याच दुपारी नियम काढले. अर्जदाराचे वय पंचावन्नच्या वर असून पंधरा वर्षे कायम वास्तव्य झाले असेल, तर ही परीक्षा त्याला मातृभाषेत, दुभाषी घेऊन देता येते. तरतूद स्पष्ट होती. ती वापरली गेली नव्हती, याचा मला मनस्वी संताप आला. मी मुग्धाला पत्र लिहून दिले आणि दुभाषी म्हणून माझे नाव घातले. मग ज्यांतून हे दहा काढतात त्या शंभर प्रश्नांची पुस्तिका मागवून घेतली व उकिडव्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात, टेबलाशी बसवले.

"प्रश्न पहिला. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?"

"पुढचा," उकिडवे म्हणाले.

"म्हणजे?"

"पुढचा प्रश्न विचारा."

दुसरा विचारला. संविधान काय करते, हे त्यांनी तीन वाक्यांत, एकाही शब्दाची चूक न करता सांगितले. तिसरा विचारला. "पुढचा." चौथा बिनचूक. पाचवा, "पुढचा." मला हा उघड उद्धटपणा वाटला आणि मी तसे बोलून दाखवले. तीस वर्षे मुलांना उठाबशा काढायला लावणाऱ्या माणसाने परीक्षकाशी असे वागावे काय, असे विचारले. उकिडव्यांनी माझ्या हातातली पुस्तिका बाजूला ठेवली आणि कपाटातून स्वतःची आणली. तिची पाने तेलाच्या बोटांनी पारदर्शक झाली होती. सम क्रमांकाच्या प्रश्नांखाली उकिडव्यांचे टपोरे अक्षर होते. विषम क्रमांकांखाली दुसरे, बारीक, किंचित डावीकडे कललेले.

"आम्ही वाटून घेतले होते," ते म्हणाले. "पन्नास तिचे, पन्नास माझे."

"वाटून? परीक्षा वाटून कशी देता येईल?"

"दोघांना एकदम बोलावतील असं वाटलं होतं. अर्ज एकत्रच टाकले होते. जोडीनं पूजेला बसतात तसं बसवतील, एकाला नाही आलं तर दुसरा सांगेल. घरात असंच चालायचं. औषधांच्या वेळा तिच्या डोक्यात, गाड्यांच्या वेळा माझ्या."

"कुठल्या कायद्यात असे लिहिले आहे?"

"कुठल्याच नाही. आता कळलंय."

"मग आता विषम पाठ करा. दोन आठवडे आहेत. शाळेतली मुले एका दिवसात करतात."

"ते तिचे आहेत."

मी त्यांना गणित समजावून सांगितले. दहा प्रश्नांत पाच विषम आले, तर सगळे सम बरोबर देऊनही पाचच होतात. सहा लागतात. पाचावर कोणीही या देशाचा नागरिक झालेला नाही. उकिडव्यांनी ऐकून घेतले, आणि मला चहा हवा का, असे विचारले. घरी येऊन मी त्यांना रजिस्टर पत्र पाठवले: आपण विषम क्रमांकाचे प्रश्न पाठ न केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल. चार दिवसांनी उत्तर आले. एकच ओळ होती. "अंतर्गत कारभारात हस्तक्षेप."

मुलाखतीच्या दिवशी मीच गाडी चालवली. मुग्धाला सुट्टी मिळाली नव्हती. मिळाली असती तरी मी तिला नको म्हटले असते, कारण ती रडली असती आणि दुभाष्याच्या कामात व्यत्यय आला असता. उकिडव्यांनी सूट घातला होता. विजारीचे पाय मोज्यांत होते. परीक्षेच्या दिवशी अर्जदाराशी वाद घालू नये, हे मला कळते.

प्रतीक्षागृहात त्यांनी पुस्तिका माझ्याकडे दिली. "धरा. हाताला घाम येतो." मी ती चाळू लागलो. शेवटच्या कोऱ्या पानावर एक यादी होती. शिक्षकच ते, शंभर प्रश्न त्यांना अपुरे वाटले असावेत, म्हणून अध्यक्षांची क्रमवार यादीही अभ्यासाला लावली होती. तीही वाटून. सम अध्यक्ष त्यांच्या अक्षरात. विषम बारीक अक्षरात: पहिले, तिसरे, सातवे, नववे, सगळी नावे देवनागरीत नीट लिहिलेली. पाचच्या आकड्यापुढे जागा रिकामी होती.

त्या रिकाम्या जागेभोवती, समासात, जिथे जागा मिळेल तिथे, उकिडव्यांनी वेगवेगळ्या शायांनी लिहिले होते. मोजे वर ओढणारे. खांद्यात गोळी. कुत्री भुंकली ते. एक मत विरोधात. दोन गोलार्ध. आपल्या घराजवळ घर. आणि सगळ्यांत खाली, डावीकडे कललेल्या अक्षरात: "सगळं आठवतं, नाव सोडून."

मी पुस्तिका मिटली. त्यांचे नाव पुकारले गेले.

अधिकारी तरुण बाई होत्या. टेबलावर कोरफडीचे लहान रोप होते. त्यांनी आधी मला शपथ दिली: जे बोलले जाईल ते जसेच्या तसे, काहीही न गाळता, काहीही न घालता भाषांतर करीन. इतकी स्वच्छ शब्दरचना असलेली शपथ मी बऱ्याच वर्षांत घेतली नव्हती. मग प्रश्न सुरू झाले.

देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? "पुढचा," उकिडवे म्हणाले. मी वकील आहे. या प्रश्नाचे हे उत्तर स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगताना मला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. कायद्याचे राज्य म्हणजे काय? हा सम होता. त्यांनी इतके सुंदर उत्तर दिले की भाषांतर करताना मी मनातल्या मनात त्यांचे निम्मे अपराध माफ केले. सेनेटर किती? बरोबर. कार्यकारी विभागाचा प्रमुख कोण? "पुढचा." अध्यक्षाची मुदत किती वर्षांची? बरोबर. राष्ट्रपिता कोणाला म्हणतात? "पुढचा." पश्चिम किनाऱ्याला कोणता महासागर आहे? तीस वर्षे भूगोल शिकवलेला हा मनुष्य भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ करून म्हणाला, "पुढचा." लांब नद्यांपैकी एक. बरोबर. ध्वजावर तेरा पट्टे का? बरोबर.

नऊ प्रश्न झाले. पाच बरोबर. बाईंनी कागदावर पाहिले, उकिडव्यांकडे पाहिले, आणि दहावा विचारला. पुस्तिकेतला नव्याण्णवावा. या देशाचा स्वातंत्र्यदिन कधी असतो?

मी भाषांतर केले. हे उत्तर आमच्या ओळीतील पिवळ्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. त्या दिवशीच्या फटाक्यांना ते पलंगाखाली जाते. मला काहीही घालता येत नव्हते, गाळता येत नव्हते. मी हातांची बोटे एकमेकांत अडकवून बसलो.

उकिडवे माझ्याकडे पाहत होते. माझ्याकडेही नव्हे, मी बसलो होतो त्या खुर्चीकडे. ती खुर्ची, पूजेला बसणाऱ्या जोडीतली, माझी नव्हतीच.

"हा तिचा आहे," ते म्हणाले.

मी सांगितले, हा तिचा आहे.

"कोणाचा?" बाईंनी विचारले. मी विचारले, कोणाचा?

"मुग्धाच्या आईचा. तिला येत होता." बाईंनी घाई केली नाही. "आमचे पाचवे गेले, तो दिवस," उकिडवे म्हणाले. "बायको गेली आणि त्यांचं घर सुटलं. मुलीकडे जाऊन राहिले. मुलीच्याच घरी गेले. वर्षही निघालं नाही त्यांचं. माझी दोन झाली."

मी प्रत्येक शब्दाचे भाषांतर केले. पाचवे कोण, हेही सांगावे लागले. तेही मी नाव न घेता सांगितले, कारण अर्जदाराने नाव घेतले नव्हते. दुसरे आणि तिसरे अध्यक्षही त्याच तारखेस वारले आहेत, हे नमूद करण्याचा मोह मी आवरला. माझे इंग्रजी एके ठिकाणी थोडे अडखळले. खोलीतली हवा कोरडी होती.

"मला तारीख लागेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"चार जुलै," उकिडवे म्हणाले.

बाईंनी खूण केली आणि कागदावर शिक्का मारला. मग मराठीत आभार कसे मानतात, असे त्यांनी मला विचारले. हा प्रश्न शपथेच्या कक्षेत येतो की नाही याची खात्री नसल्यामुळे मी तो आधी उकिडव्यांना भाषांतर करून सांगितला. त्यांनीच उत्तर दिले.

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. मुग्धाला फोन केला, ती रडली. उकिडव्यांनी पट्टा लावला, पुस्तिका मांडीवर घेतली आणि म्हणाले, "जाताना त्या घरावरून जाऊ. वळसा पडेल."

ते घर पाचव्यांचे. आमच्याकडून गाडीने फार लांब नाही. खाजगी मालकीचे असल्याने आत जाता येत नाही. उकिडवे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावून तिथूनच नमस्कार करतात. रस्त्याच्या कडेला अशी गाडी थांबवणे नियमबाह्य आहे, हे मी त्यांना लेखी कळवलेले आहे.

"जाऊ," मी म्हणालो, आणि जीपीएसवर पत्ता घातला.

त्यांनी पुस्तिकेचे शेवटचे पान उघडले. यादीवरून बोट खाली नेले, पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, आणि थांबले.

"काय हो," ते पानावरून नजर न उचलता म्हणाले. "पाचव्यांचं नाव काय?"

मला नाव ठाऊक होते. जिथे जायचे होते, त्या रस्त्यावर दर मैलाला ते पाटीवर लिहिलेले आहे. माहीत असलेल्या गोष्टीविषयी अज्ञान सांगणे मी आजवर कोणत्याही कोर्टात केलेले नाही. शपथ, अर्थात, त्या इमारतीपुरती होती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"तिलाही आठवायचं नाही," उकिडवे म्हणाले. बऱ्याच समाधानाने म्हणाले. मग त्यांनी पुस्तिका मिटून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वाकून आधी उजवा, मग डावा मोजा वर ओढला.

मी गाडी सुरू केली आणि हात पुढे करून जीपीएसचा आवाज बंद केला.